पोलीनबाईंचा पियानो

परवा ऑफिसात अप्रेझल झालं. दरवर्षीचा ठरलेला प्रश्न यंदाही आलाच, "तुझं नक्की स्पेशलायझेशन काय रे?" मी डेटाबेसचं काम करतो, वेळ पडली तर स्क्रीनही बनवून देतो, टेस्टिंगवाल्यांबरोबर रात्री जागतो. थोडक्यात काय, पडेल ते. त्यामुळे या प्रश्नावर मी दरवर्षीप्रमाणे काहीतरी पुटपुटलो आणि कॅन्टीनला जाऊन कटिंग मारला.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी निवांत बसलो आणि एका बाईंची आठवण झाली. नाव पोलीन व्हियार्दो. काही वर्षांपूर्वी मी शोपाँचे मझुर्का ऐकत होतो. मझुर्का म्हणजे पोलिश नाचाच्या तालावरच्या पियानोच्या छोट्या रचना. ऐकता ऐकता एक वेगळंच रेकॉर्डिंग लागलं. तोच मझुर्का, पण चक्क कोणीतरी गात होतं, शब्दांसकट! म्हटलं हे काय प्रकरण आहे? शोधाशोध केली तेव्हा कळलं, की शोपाँच्या एका मैत्रिणीने त्याच्या हयातीतच या रचनांची गाणी करायला घेतली होती. नुसती केली नाहीत, तर १८४८ साली लंडनमध्ये शोपाँच्याच मैफिलीत त्यातली गायलीही होती. तेव्हापासून या बाईंनी मला धरून ठेवलंय.

तर मंडळी, आजचा लेख पोलीनबाईंवर. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात त्या गायिका म्हणून गाजल्या. पण आधी त्या पियानोवादक होत्या, आणि माझ्या मते शेवटपर्यंत होत्याच.

सुरुवात घरापासून करू, कारण घर जबरदस्त होतं. वडील मान्युएल गार्सिया हे मूळचे स्पेनमधल्या सेव्हिलचे. नामांकित टेनर, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीतले गायक. रोसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा १८१६ मध्ये रोममध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हा त्यातला काउंट अल्माव्हिवा यांनी रंगवला होता. आई होआकीना पण गायिका. थोरला भाऊ मान्युएल पुढे गाण्याचा फार मोठा शिक्षक झाला. आरसे वापरून त्याने स्वतःच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि १८५५ मध्ये ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आज ईएनटीवाले डॉक्टर ज्या पद्धतीने घसा तपासतात, तिचा एक धागा इथपर्यंत जातो. आणि थोरली बहीण मारिया मालिब्रान. तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की तिच्या नावावर युरोपभर थिएटरं भरायची.

अशा घरात १८ जुलै १८२१ ला पॅरिसमध्ये पोलीनचा जन्म झाला. शेंडेफळ. १८२५ मध्ये वडिलांनी अख्खं बिऱ्हाड उचललं आणि ऑपेरा कंपनी घेऊन थेट न्यूयॉर्क गाठलं. अमेरिकेत इटालियन भाषेतला ऑपेरा तेव्हा कोणी धड पाहिलाही नव्हता. १८२६ मध्ये त्यांनी तिथे मोझार्टचा 'डॉन जोव्हानी' केला. मुख्य भूमिकेत बाप, नोकराच्या भूमिकेत मुलगा, शिवाय आई आणि मारियाही त्यात. आणि कहर म्हणजे या ऑपेराचा मूळ लेखक लोरेंझो दा पोंते म्हातारपणी तेव्हा न्यूयॉर्कमध्येच इटालियन शिकवत होता! चार-पाच वर्षांची पोलीन हे सगळं बघत होती. 'डॉन जोव्हानी' लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

न्यूयॉर्कनंतर मेक्सिको. तिथे पोलीनचं पियानोचं शिक्षण सुरू झालं. परत येताना वाटेत दरोडेखोरांनी कंपनीची कमाई लुटली. पॅरिसला परतल्यावर वडिलांनी गाण्याच्या शिकवण्या धरल्या, आणि या शिकवण्यांत पियानोवर साथीला कोण? आठ-नऊ वर्षांची पोलीन. आपल्याकडे गाणाऱ्या घरातलं पोर मागे तंबोरा घेऊन बसतं आणि न शिकवताच शिकतं, तसंच हे. वडील शिष्यांना काय सांगतात, कुठे थांबवतात, कुठला सूर चुकला, हे सगळं तिच्या कानावरून जात होतं. बोटं मात्र पियानोवर.

१८३२ मध्ये वडील गेले. पोलीन दहा वर्षांची. पण पियानो चालू राहिला, आणि शिक्षक कोण मिळावा? फ्रान्झ लिस्ट! विशीतला, देखणा, आणि पियानोवर जादू करणारा. पोलीनचं त्याच्यावर मन बसलं होतं, आणि शिकवणीच्या दिवशी हात इतके थरथरायचे की बुटाच्या नाड्याही बांधता यायच्या नाहीत, अशी एक आठवण सांगतात. :-) रचनाशास्त्र ती आंतोन राइखाकडे शिकत होती. लिस्ट आणि बर्लिओझही त्याच्याकडेच शिकलेले. म्हणजे पोरीचा मार्ग ठरलेला दिसत होता, पियानोवादक व्हायचं.

आणि मग पंधराव्या वर्षाच्या आसपास आईने फर्मान काढलं. पियानो बंद कर, तू गायचंस.

इथे मी नेहमी थांबतो. आई काही दुष्ट नव्हती. नवरा गेलेला, घराचा धंदा गाण्याचा, नाव गाण्याचं, ओळखी ऑपेरातल्या. मुलीच्या गळ्यात काय आहे हे त्या अनुभवी बाईला स्पष्ट दिसत असणार. पण मुलीने त्याआधीची कितीतरी वर्षं बोटांवर घातली होती. तिने ऐकलं. त्या काळी न ऐकून जाणार कुठे? तरी पियानो सोडावा लागल्याचं दुःख तिने म्हातारपणापर्यंत बोलून दाखवलं. त्याच वर्षी, सप्टेंबर १८३६ मध्ये, घोड्यावरून पडल्यानंतर दुखणं अंगावर काढून गात राहिलेली मारिया मँचेस्टरमध्ये गेली. अवघी अठ्ठावीस वर्षांची. आता गार्सिया घराण्याचं नाव पुढे न्यायला पोलीनच उरली, आणि ती जिथे गाईल तिथे लोक बहिणीचाच आवाज शोधणार होते.

मे १८३९ मध्ये लंडनला रोसिनीच्या 'ओथेल्लो'मध्ये डेस्डिमोनाच्या भूमिकेत ती ऑपेराच्या रंगमंचावर उभी राहिली. वय सतरा. आवाज मूळचा मेझो, म्हणजे बायकांच्या आवाजातला मधला, भरदार. पण खाली पार खर्जात उतरायचा आणि वर सोप्रानोंच्या जागेत चढायचा. तीन सप्तकांच्या आसपासचा पल्ला. दिसायला ती सुंदर नव्हती, असं त्या काळचे लोक तोंडावर लिहीत. आवाजही गोड म्हणण्यासारखा नव्हता म्हणे, थोडा करकरीत, कडवट. तरी गायला लागली की लोक खिळून बसत. कारण तिला संगीत आतून कळत होतं. आपल्या वाट्याची ओळ पाठ केली आणि म्हटली, असा प्रकार नव्हता. खाली वाद्यवृंदात काय चाललंय, कुठला सूर कशाला टेकून उभा आहे, हे तिला ठाऊक असायचं. माझ्या मते हा पियानोचा हिशेब. पियानोवर बसणाऱ्याला एका वेळी सगळं दिसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर आपलं मॉड्यूल लिहिणारे खूप असतात, अख्खी सिस्टिम डोक्यात असणारा टीममध्ये एखादाच.

१८४० मध्ये लग्न झालं. नवरा लुई व्हियार्दो तिच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठा, लेखक, पॅरिसच्या इटालियन थिएटरचा संचालक. लग्नानंतर त्याने ती नोकरी सोडली आणि बायकोच्या करिअरचं व्यवस्थापन बघायला लागला. हे १८४० मधलं आहे हं, पुन्हा वाचा! हे लग्न जुळवण्यात लेखिका जॉर्ज साँदचा हात होता. तिच्या 'कॉन्सुएलो' कादंबरीतली गायिका पोलीनवरूनच बेतलेली. शोपाँ तेव्हा साँदबरोबर राहायचा, आणि उन्हाळ्यात तिच्या नोहाँच्या घरी पोलीन गेली की शोपाँ आणि ती दोघं पियानोवर. माणसांबद्दल तसा चिकित्सक असलेला शोपाँ हिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत होता. मझुर्कांची गाणी याच मैत्रीतली. १८४९ मध्ये शोपाँ गेला, तेव्हा पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला मोझार्टचं 'रेक्विएम' झालं, त्यातही पोलीन गायली.

दुसरी जवळची मैत्रीण क्लारा शुमान, युरोपातली अव्वल पियानोवादक. म्हणजे पोलीनला जे व्हायचं होतं ते क्लारा झाली होती. अशा दोघींची मैत्री टिकणं अवघड, पण ही जवळजवळ साठ वर्षं टिकली. क्लाराच्या नवऱ्याने, रॉबर्ट शुमानने, हायनेच्या कवितांवरचा एक गीतसंग्रह १८४० मध्ये पोलीनला अर्पण केला. दोघी एकत्र पियानो वाजवायच्या, आणि क्लारासमोर बसून वाजवायला कोणीही ऐरागैरा चालत नसे.

१८४३ च्या हिवाळ्यात पोलीन सेंट पीटर्सबर्गला गेली आणि रशियाने तिला डोक्यावर घेतलं. 'सेव्हिलचा न्हावी'मध्ये एक गाण्याच्या शिकवणीचा प्रसंग आहे, तिथे गायिका आपल्या आवडीचं काहीही गाऊ शकते. हिने तिथे आल्याबियेव्हचं रशियन गाणं म्हटलं, रशियन भाषेत! थिएटरचं काय झालं असेल कल्पना करा. प्रेक्षकांत एक तरुण लेखक होता, इव्हान तुर्गेनेव्ह. तो जो हिच्यात गुंतला तो १८८३ मध्ये मरेपर्यंत. तिच्या गावात घर घेऊन राहायचा, त्याची मुलगीही व्हियार्दोंच्या घरी वाढली. यावर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. मला खटकतं ते हे, की कुठेही पोलीनचं नाव निघालं की 'तुर्गेनेव्हची प्रेयसी' एवढ्यावर संपतं. म्हणून इथे मी तो विषय मुद्दाम एका परिच्छेदात उरकतोय. असो.

पॅरिसच्या मुख्य ऑपेराचं दार तिला उशिराच उघडलं. १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'प्रेषित' या ऑपेरात तिने फिदेस नावाच्या म्हाताऱ्या आईची भूमिका केली. स्वतः सत्तावीस वर्षांची. नायिका म्हणजे तरुण प्रेयसी, या रिवाजाला तो मोठा धक्का होता. दहा वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८५९ ला, तिने याहून मोठी गोष्ट केली. ग्लुकचा 'ऑर्फेउस' हा जवळजवळ शंभर वर्षं जुना ऑपेरा. १७६२ मध्ये व्हिएन्नात तो कास्त्रातो गायकासाठी लिहिलेला, १७७४ मध्ये पॅरिसमध्ये टेनरसाठी बदललेला. बर्लिओझने दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून पोलीनच्या आवाजासाठी नवी आवृत्ती बांधली. बाईने पुरुषाची भूमिका केली, आणि तीही मेलेल्या बायकोसाठी पाताळात जाणाऱ्या गायकाची. शंभराहून जास्त प्रयोग झाले. विस्मरणात चाललेला ग्लुक यामुळे पुन्हा रंगमंचावर आला.

आता 'डॉन जोव्हानी'. १८५५ मध्ये लंडनला मोझार्टच्या हातचं त्याचं मूळ हस्तलिखित विकायला होतं. मोठमोठ्या ग्रंथालयांनी हात आखडता घेतलेला. पोलीनने ते विकत घेतलं. त्यासाठी दागिने विकले म्हणतात. पॅरिसच्या घरी ते खास पेटीत ठेवलेलं असायचं. रोसिनी बघायला आला तेव्हा त्याने गुडघे टेकले. १८८६ मध्ये चायकोव्हस्कीने ते तिच्या घरी पाहिलं आणि त्याची अवस्था देवळात गेल्यासारखी झाली. १८९२ मध्ये तिने ते पॅरिसच्या संगीत विद्यालयाला देऊन टाकलं, आणि आज ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. चार वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कमध्ये घरचे सगळे ज्यात गाताना पाहिले, तो हा ऑपेरा. दागिन्यांचं काय घेऊन बसलात!

इथवर सगळी यशोगाथा झाली. पण लेख लिहायला बसलो तो पुढच्या भागासाठी.

'ऑर्फेउस' गाजत होता तेव्हाच आवाज उतरायला लागला होता. १८६३ मध्ये पोलीनने पॅरिसच्या रंगमंचाचा निरोप घेतला. वय एक्केचाळीस. कारण? तिने सगळंच गायलं. खालच्या आवाजाच्या भूमिका, वरच्या आवाजाच्या भूमिका, 'नॉर्मा', वेर्दीची लेडी मॅकबेथ, जे आवडलं ते. गळा मेझोचा, पण पल्ला होता म्हणून सोप्रानोच्या जागाही घेतल्या. पुढे ती शिष्यांना हेच बजावायची, की मी केलं ते करू नका, मला सगळं गायचं होतं आणि त्यात आवाज घालवला.

म्हणजे बघा, 'पडेल ते' करणाऱ्यांचा झेंडा म्हणून मी या बाईंना घेऊन आलो, आणि त्याच मला सांगतात की सगळं करायला जाऊ नकोस! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी जरा गप्पच झालो. कारण खरं आहे ते. हातात येतंय म्हणून प्रत्येक गोष्ट ओढून घेण्याची एक हाव असते, आणि तिची किंमत कधीतरी मोजावी लागते. दोन रिलीज एकदम अंगावर घेऊन मागच्या पावसाळ्यात मी तीन आठवडे आजारी पडलो होतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

पण एक्केचाळिसाव्या वर्षी गळा गेलेल्या गायिकेचं पुढे काय होतं? बहुतेकींचं काहीच नाही. जुन्या पोशाखांच्या पेट्या आणि आठवणी. पोलीनपुढे अजून सत्तेचाळीस वर्षं होती, आणि तिच्या घरात पियानो होता. आईने बंद करायला सांगितलेला पियानो तिने खरं तर कधी बंद केलाच नव्हता. नव्या भूमिका ती स्वतःच पियानोवर बसवायची, घरच्या मैफिलीत स्पॅनिश गाणी म्हणताना साथ स्वतःची स्वतः करायची. १८६० मध्ये वाग्नरने आपल्या 'ट्रिस्टन'चा दुसरा अंक पॅरिसमध्ये चार जणांना ऐकवायचं ठरवलं, तेव्हा समोर कागद ठेवून इझोल्डं कोणी गायलं? पोलीननेच. तो ऑपेरा रंगमंचावर यायला अजून पाच वर्षं होती, आणि त्यातले सूर भल्याभल्यांना झेपत नव्हते.

१८६३ मध्ये व्हियार्दो कुटुंब जर्मनीत बाडेन-बाडेनला गेलं. तिथे पोलीनने शिकवायला सुरुवात केली आणि युरोपभरातून मुली येऊ लागल्या. ती शिकवायची पियानोवर बसून. बहिणीचं नाव पुढे नेलं तसं आता वडिलांची शिकवणीही पुढे चालू झाली, फक्त साथीदार आणि गुरू एकच. शेजारीच क्लारा शुमान राहायला होती. १८६७ पासून पोलीनने छोटे ऑपेरेट्टा लिहिले. शब्द तुर्गेनेव्हचे, गाणारे शिष्य आणि स्वतःची मुलं, आणि वाद्यवृंद म्हणजे पियानोवर बसलेली पोलीन. त्यातला 'शेवटचा जादूगार' १८६९ मध्ये वायमारला वाद्यवृंदासह झाला. तिथे लिस्ट होताच, जुने गुरुजी. तिने शंभरावर गाणी रचली, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, इटालियन, रशियन. पुश्किनच्या कवितांना चाली लावल्या.

आणि उरलेला आवाज? तोही तिने नीट जपून वापरला. मार्च १८७० मध्ये येना शहरात ब्राम्सची 'आल्टो ऱ्हॅप्सडी' पहिल्यांदा जाहीर झाली ती पोलीनच्या आवाजात. त्याच वर्षी फ्रान्स-प्रशियाचं युद्ध पेटलं, बाडेन-बाडेनचं घर सोडावं लागलं, आधी लंडन आणि मग परत पॅरिस. तिथे कामिय सँ-साँस घरचाच झालेला. त्याचा 'सॅमसन आणि डलायला' फ्रान्समध्ये कोणी घ्यायला तयार नव्हतं. १८७४ मध्ये त्रेपन्न वर्षांच्या पोलीनने त्यातला दुसरा अंक क्रवासीच्या एका घरी करून दाखवला. डलायला ती, पियानोवर सँ-साँस. तरी पॅरिस हललं नाही, ऑपेरा शेवटी १८७७ मध्ये वायमारला झाला. पण तो अर्पण केलेला आहे पोलीनला.

१८८३ मध्ये मे महिन्यात नवरा गेला, सप्टेंबरमध्ये तुर्गेनेव्ह. ती वाजवत राहिली, शिकवत राहिली. १९०४ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, तिचा 'सिंड्रेला' पॅरिसच्या एका दिवाणखान्यात झाला. अजूनही अधूनमधून होतो, कारण त्याला वाद्यवृंद लागतच नाही. काही गायक आणि एक पियानो, बस. १८ मे १९१० ला पोलीन गेली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन.

तिचं एकही रेकॉर्डिंग नाही. ज्या आवाजासाठी पियानो सोडायला लागला, तो आवाज आज कोणालाच ऐकता येत नाही. ऐकता येतात ती पियानोवर बसून रचलेली गाणी. मागच्या काही वर्षांत ती बरीच रेकॉर्डही झाली आहेत, जरूर ऐका.

आईचं चुकलं का? मला नाही ठरवता येत. गळ्याने तिला घर, नाव आणि 'ऑर्फेउस' दिला. पियानोने पुढची सत्तेचाळीस वर्षं दिली. कुठलं एक निवडायचं हे पंधराव्या वर्षी कोणाला कळणार? आणि तिने दुसरं चोरून का होईना हातात ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मलाही दहावीच्या वर्षी घरच्यांनी पेटी बंद करायला सांगितली होती, अभ्यास कर म्हणून. मी मात्र खरंच बंद केली. पोलीनबाईंमध्ये आणि माझ्यात इतर हजार फरक आहेत म्हणा, पण हा जरा जास्त टोचतो. पेटी अजून आईकडे माळ्यावर आहे. काल फोन केला तर म्हणाली, "भाता फाटलाय रे, दोन सूर लागतच नाहीत." म्हटलं, असू दे, पुढच्या शनिवारी येतो, दुरुस्तीला नेऊ.

अप्रेझलच्या फॉर्ममधला स्पेशलायझेशनचा रकाना अजून रिकामाच आहे. सोमवारी भरायचाय. बघू.